स्टार्टअपमधली पहिली नोकरी: कोड लिहिणाऱ्यांसाठी

बाणेरमधल्या एका छोट्या प्रॉडक्ट कंपनीत मी नव्या डेव्हलपर्सच्या मुलाखती घेते. रेझ्युमेंवर फिरून फिरून तेच प्रोजेक्ट दिसतात: टू-डू लिस्ट, हवामानाचं ॲप, एखाद्या शॉपिंग साइटची नक्कल. ते कुणीच वापरत नाही, ही माझी मुख्य तक्रार. स्टार्टअपमध्ये शिरायचं असेल तर आधी एक तरी गोष्ट अशी बनवा, जी कुणीतरी रोज वापरेल आणि बिघडली की तुम्हाला फोन करेल.

विषयासाठी लांब जायला नको, तुमच्या मेसचंच बघा. मावशींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आज खाडा’ असे मेसेज येत राहतात आणि महिनाअखेरीस हिशेबावरून कटकट होते. खाडे नोंदवणारं साधं वेब ॲप शनिवार-रविवारात उभं राहील. खरं शिक्षण त्यानंतर सुरू होतं. पहाटे पाचला टाकलेला खाडा आदल्या तारखेला पडतो, कारण सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि तिथली तारीख आपल्याकडे साडेपाच वाजल्यावर बदलते. कुणी बटण दोनदा दाबतं आणि दोन खाडे लागतात. तुम्ही मेहनतीने केलेला रंगीत डॅशबोर्ड मावशी उघडतही नाहीत. त्यांना सकाळी कुकर लावण्याआधी एकच आकडा हवा असतो: आज डबे किती? हे ज्याने निस्तरलंय त्याच्याशी मी तासभर बोलू शकते, कारण आमचं रोजचं काम हेच आहे.

जोडीला दुसऱ्यांचा मोठा कोड वाचा. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे कंपन्यांचे हिशेब आणि कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर मुक्त आहे, पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं आहे आणि गिटहबवर सगळं खुलं आहे. ते स्वतःच्या मशीनवर चालवा. एखादी नोंदवलेली चूक तुमच्याकडे जशीच्या तशी घडवून बघा आणि ती कशी घडली ते नीट लिहा. दुरुस्ती नंतर जमेल.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. पैसे देणारे ग्राहक कोण? आहे त्या पैशांत किती महिने निघतील? रात्री सर्व्हर पडला तर कोण उठतं? उत्तर देताना फाउंडर चिडले, तर मी तरी तिथे जाणार नाही. लेटरहेडवर कंपनीचा सीआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक असतो. तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणीची तारीख आणि संचालकांची नावं दिसतात. पीएफचंही विचारा. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या कंपनीला तो सहसा बंधनकारक नसतो.

आता ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्याला कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीत पुढे घेता येण्याचा हक्क. अशा एका शेअरच्या हक्काला ऑप्शन म्हणतात. इथे भल्याभल्यांची फसगत होते, म्हणून आकड्यांत सांगते. समजा, 4,800 ऑप्शन चार वर्षांसाठी मिळाले. पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी सोडलंत तर हातात शून्य, कारण ऑप्शन दिल्यापासून व्हेस्ट होईपर्यंत, म्हणजे तो हक्क पक्का होईपर्यंत किमान एक वर्ष जावं लागतं, असा कायदाच आहे. वर्ष संपल्यावर 1,200 आणि पुढे बहुधा महिन्याला 100. शेअर घ्यायची किंमत 10 रुपये आणि घेता त्या दिवशीचं त्याचं मूल्य 510 असेल, तर 1,200 शेअर घेताना तुम्ही 12,000 रुपये भरता. पण वरचे 6 लाख (शेअरमागे 500) पगारात धरले जातात आणि त्यावर कर लागतो. शेअर अजून विकलेला नसतो, विकायला बाजारही नसतो. काही पात्र स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलता येतो; आपली कंपनी त्यांत आहे का, ते एचआरला विचारा.

4,800 हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. सगळे ऑप्शन धरून कंपनीचे एकूण शेअर किती, ते विचारा आणि टक्का काढा. नोकरी सोडल्यावर व्हेस्ट झालेले ऑप्शन घ्यायला किती दिवस मिळतात, हे ऑफर लेटरमध्ये बहुतेक वेळा नसतं, ईसॉप योजनेच्या मूळ कागदात असतं. सही करण्याआधी तो कागद ईमेलवर मागून घ्या.