शिकारीसाठी मोठ्या बोअरची रिव्हॉल्व्हर कशी निवडायची

आधीच सांगतो, हे सगळं अमेरिकेतलं आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचा विषय संपला, त्यामुळे पुण्यात बसून वाचत असाल तर नुसती माहिती म्हणून वाचा.

पहिलं काम कागदपत्रांचं. एचवनबीवर असाल तर तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, पण राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते, आणि लायसन्स संपलं की सूटही संपते, म्हणून तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. डीलरकडून हँडगन घ्यायला वय २१ लागतं. शिवाय हरणासाठी कुठलं काडतूस चालतं, नळी किमान किती लांब हवी हे राज्यागणिक बदलतं, ते दुकानात जायच्या आधी बघा.

आता कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, आणि सगळे इथेच चुकतात. दुकानात गेलं की .५०० स्मिथ अँड वेसन दिसते, २००३ मध्ये आलेली, पाचच गोळ्यांची, लांब नळीची असेल तर दोन किलोच्या आसपास वजन, आणि माणूस भाळतो. माझ्या एका मित्राने हौसेने घेतली, वीसेक गोळ्या झाडल्या, आता कपाटात पडून आहे. व्हाइटटेल हरीण आणि रानडुकरासाठी .४४ मॅग्नम भरपूर झालं. १९५५ पासून चालत आलेलं काडतूस आहे, २४० ग्रेनची गोळी म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रॅम, आणि मुख्य फायदा असा की त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये हलकं .४४ स्पेशल पण चालतं, म्हणजे सराव करताना मनगटाचे हाल होत नाहीत. .४५४ कसूलमध्येही तसंच .४५ कोल्ट चालतं, पण .४५४ चा दणका फार आहे, मोठ्या अस्वलाच्या मुलखात जात नसाल तर सोडा. .३५७ मॅग्नमने पण हरीण पडतं, पण जवळून आणि नेम पक्का असेल तरच, सुरुवातीला नकोच.

वजनाला घाबरू नका. दुकानात हलकी रिव्हॉल्व्हर छान वाटते पण बार काढला की कळतं, जड असेल तितका धक्का कमी. नळी साडेसहा ते साडेसात इंच ठीक. रूगर सुपर रेडहॉक साडेसात इंची नळीत दीड किलोची आहे, कमरेला लावून दिवसभर चालणं जमत नाही, छातीवरचं होल्स्टर घ्या.

सिंगल अ‍ॅक्शन (दर बाराला घोडा हाताने ओढायचा) की डबल (नुसता ट्रिगर दाबला तरी चालते)? शिकारीत तसंही घोडा अंगठ्याने ओढूनच बार काढायचा असतो, त्यामुळे फार फरक नाही. सुपर ब्लॅकहॉकसारख्या सिंगल अ‍ॅक्शनमध्ये काडतुसं एकेक करून भरावी लागतात, पण तिची मूठ धक्क्यासोबत हातात वर फिरते आणि काहींना तेच बरं वाटतं. काहींची बोटं मात्र ट्रिगर गार्डवर आपटून सोलतात. हातात धरून बघा, जमलं तर रेंजवर भाड्याने घेऊन झाडून बघा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून कडक गरम गॅस बाजूला उडतो, रायफलसारखा डावा हात पुढे धरलात तर बोटं जातील. दोन्ही हात मागे, मुठीवरच. आवाज १६० डेसिबलच्या वर जातो, कानांना संरक्षण नसताना एकही बार नको, जंगलातसुद्धा.

चाळिशी लागली असेल तर फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची माशी, धूसर दिसते, तेव्हा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी दुर्बीण) लावता येईल असंच मॉडेल घ्या.

शेवटची परीक्षा कागदी प्लेटची. आठ इंची प्लेट लावा, हरणाच्या हृदय-फुप्फुसाचा भाग साधारण तेवढाच असतो. शिकारीची गोळी वापरा, टेबलावर टेकून नाही, गुडघ्यावर कोपर ठेवून बसा आणि २५ यार्डवरून सुरू करा. सहाच्या सहा प्लेटमध्ये बसल्या तर पाच यार्ड मागे सरका, एक जरी बाहेर गेली तर त्याच्या आधीचं अंतर ही तुमची हद्द. माझी ४५ यार्डवर अडकलीय, दोन वर्षं झाली.