थंडीतली पदयात्रा: पाय ऊबदार कसे ठेवावेत, फोड कसे टाळावेत

सोलापूरकरांचा पायी जाण्याचा हंगाम कोजागरीला तुळजापूरच्या वाटेवर सुरू होतो. मग कार्तिकीला पंढरपूर, दत्तजयंतीला अक्कलकोट, कुणी पुढे गाणगापूर, असं करत तो संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेपर्यंत चालतो. अंतरंही काही कमी नाहीत. तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर, अक्कलकोट चाळीसच्या आसपास आणि पंढरपूर सत्तरच्या वर.

आपल्याकडची थंडी मात्र लबाड. पहाटे चारला घराबाहेर पडताना बोटं काकडतात आणि दुपारी बाराला वळसंगच्या अलीकडे डांबर तापून घामाच्या धारा लागतात. बर्फातल्या ट्रेकसाठी सांगितलेले जाडजूड लोकरी मोजे आणि अस्तराचे बूट इथे घातले, तर सकाळी बरं वाटतं आणि दुपारी पाय उकडून निघतात. आपल्या वाटेवर खरा वैरी घाम आहे.

फोड येतो तो असा. चालताना पायातली हाडं पुढे-मागे सरकतात, पण वरची कातडी घामाने मोज्याला चिकटून बसलेली असते. या ओढाताणीत कातडीचे आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. कोरडी कातडी सहज घसरते, ओलसर कातडी चिकटते. गारठ्याचंही तेच. पाणी हवेच्या जवळपास २५ पट उष्णता वाहून नेतं, त्यामुळे घामेजलेला मोजा घालून पहाटे बसलात की पाय बघता बघता गार पडतात. म्हणजे पाय कोरडे राहिले की दोन्ही कामं होतात. खालची सगळी खटपट त्यासाठीच.

तीन-चार आठवडे आधी

आधी टाचांकडे बघा. आपल्या कोरड्या हवेत दिवाळीनंतर टाचांना भेगा पडायला लागतात, आणि घरात न दुखणारी भेग वीस किलोमीटर चाललं की उघडते, रक्त येतं. रोज रात्री पाय कोमट पाण्याने धुवा, वज्रीने हलक्या हाताने घासा आणि कातडी जराशी ओलसर असतानाच कोकमाचं तेल किंवा युरिया असलेलं मलम चोळून जुने मोजे चढवून झोपा. ब्लेडने कातडी तासायची नाही. चाराण्याएवढी कातडी काढायला जावं आणि आठ दिवस लंगडावं, असं होतं. निघायच्या दिवशी मात्र तेल-मलम काही लावू नका. पेट्रोलियम जेलीने सुरुवातीला पाय छान घसरतो, पण काही तासांनी कातडी मऊ पडून घर्षण उलट वाढतं. ती रात्रीसाठीच ठेवा.

बूट घ्यायचे तर संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. चालायचे ते मोजे घालूनच बूट बघा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. थंडीसाठी म्हणून दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट करू नका. दाबलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही आणि तो जास्तच गार पडतो. नवे बूट थेट यात्रेला नकोत. होटगी रोडला, विजापूर रोडला, जिथे जमेल तिथे दोन-तीन तासांच्या तीन-चार फेऱ्या त्याच बुटांत मारा. कुठे घासतंय ते तिथेच कळतं.

चपलेतच चालणारे खूप आहेत, आणि सवय असेल तर त्यात वावगं काही नाही. फक्त मागे पट्टा असलेली सँडल घ्या, नाहीतर चप्पल पायात धरून ठेवण्यासाठी बोटं दिवसभर आवळली जातात आणि चवड्याला फोड येतात. अंगठा वेगळा असलेले मोजे मिळतात, ते पहाटेच्या गारठ्यालाही चालतात आणि अंगठ्याजवळचं घासणंही थांबवतात.

मोजे निव्वळ सुती नकोत. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. आत पातळ नायलॉनचा मोजा आणि वर जरा जाड, लोकर किंवा सिंथेटिक मिसळलेला, अशी जोडी उत्तम. मग जे काही घासायचं ते एका मोज्यावर दुसरा मोजा घासतो, कातडी वाचते. असे तीन जोड लागतात: एक पायात, एक पिशवीत, एक पिशवीला पिनेने टांगून उन्हात वाळत. शिवाय सोलापुरी टॉवेलचा हातरुमालाएवढा तुकडा कापून जवळ ठेवा. पाय पुसायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि तो आपल्या गावात तर मिळतोच.

नखं निघायच्या तीन-चार दिवस आधी कापा, सरळ कापा, कोपरे खोल घेऊ नका.

आदल्या रात्री: टेप

औषधांच्या दुकानात कागदी सर्जिकल टेप मिळते, स्वस्त असते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक दिवस धावणाऱ्या स्पर्धकांच्या एकाच पायाला ही टेप लावली होती. टेप लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघालं. वाळवंटात धावणाऱ्यांना उपयोगी पडली, ती मोहोळच्या रस्त्यावर का नाही पडणार?

लावायची पद्धत महत्त्वाची. पाय धुऊन पूर्ण कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांतलं पाणीसुद्धा टिपा. टेपचे कोपरे कात्रीने गोल करा, टोकदार कोपरा मोज्यात अडकून उचकटतो. टाचेला लावताना पाऊल वर उचललेलं ठेवा आणि टेप न ताणता, मधून बाहेरच्या बाजूला अंगठ्याने दाबत बसवा. एकही सुरकुती राहता कामा नये, कारण ती सुरकुतीच पुढे फोड करते. टाचेची मागची बाजू, अंगठ्याची आतली कड, करंगळी आणि चवडा एवढ्या जागा पुरेत. बोटाभोवती गच्च वेढा घालू नका. पावलांना सूज येते, आणि मग तो वेढा काचतो.

वाटेवर

नाड्या बांधताना टाच मागे आपटून बसवा आणि मग आवळा. बुटाला वर अगदी घोट्यापाशी एक जास्तीचं भोक असतं, ते बहुतेकांच्या बुटात रिकामंच राहतं. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटा फास करा, दोन्ही बाजूंना तसं केलं की प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओवून ओढा. टाच जागची हलत नाही आणि बोटांपाशी नाडी सैल ठेवता येते.

निघाल्यावर अर्ध्या तासाने एकदा थांबा. वाळूचा कण, मोज्याची घडी, सैल नाडी, जे असेल ते तेव्हाच कळतं. नंतर दर दीड-दोन तासांनी मुक्काम असो वा नसो, पाय उघडे करा. क्रम लक्षात ठेवा: आधी बूट-मोजे काढायचे, टॉवेलने पुसायचे, पाच मिनिटं हवा लागू द्यायची, कोरडा मोजा चढवायचा आणि मग चहा. उलटं केलं तर चहा संपेपर्यंत ओल्या मोज्यात पाय गार पडतात. पावडर घालायची तर चिमूटभर. जास्त झाली की घामात तिच्या गोळ्या होतात आणि त्याच टोचतात.

फोड येण्याआधी एखादी जागा चुरचुरते, गरम लागते. तेवढ्यासाठी दिंडीतून बाहेर पडायला माणूस संकोचतो, ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणतो. तो पुढचा थांबाच महागात पडतो. तिथल्या तिथे बसा, जागा कोरडी करा, टेप लावा. दिंडी गाठता येते.

पहाटे शॉर्टकट म्हणून ज्वारीच्या बांधावरून जाऊ नका. पोटरीतली ज्वारी दवाने चिंब असते आणि दहा मिनिटांत बूट भिजतात. ते दव टाळण्यासाठी मोज्यावर प्लास्टिकची पिशवी चढवण्याची युक्तीही नको, घाम आतच कोंडतो.

पाय फारच गार वाटले तर आधी डोकं, कान आणि छाती झाका. अंग गारठलं की शरीर हातापायांचं रक्त आखडून घेतं, त्यामुळे कानटोपी आणि स्वेटरनेही पाय ऊबदार राहतात. रात्री कोरडे मोजे घाला आणि सोलापुरी चादर पायाखाली दुहेरी घ्या, कारण गारवा खालच्या फरशीतून जास्त येतो.

शेकोटीची गंमत निराळी, पण मधुमेह असलेल्यांनी पाय शेकू नयेत. संवेदना कमी झालेल्या पावलांना चटका कळत नाही आणि भाजल्यावरची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. गरम पाण्यात पाय सोडतानाही आधी कोपराने पाणी बघा. अशा मंडळींनी नवस असला तरी अनवाणी चालू नये. सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांबरोबर अनेक जण अनवाणी चालतात, पण त्यांचे तळवे सवयीचे असतात.

फोड आलाच तर

लहान, न दुखणारा असेल तर फोडू नका. मधे भोक पाडलेला फोमचा किंवा जाड पट्टीचा गोल त्याच्याभोवती बसवा, दाब कडेला जातो. मोठा, दुखणारा आणि चालू न देणारा असेल तर हात धुवा, जागा साबण-पाण्याने स्वच्छ करा, नवी निर्जंतुक सुई घ्या आणि फोडाच्या कडेला, खालच्या बाजूला दोन-तीन टोचे मारा. पाणी हळूच दाबून काढा. वरची कातडी अजिबात काढायची नाही, तीच सर्वांत चांगली मलमपट्टी. जंतुनाशक मलम आणि कोरडं ड्रेसिंग लावून वर टेप. मधुमेह असेल तर हे स्वतः करू नका, डॉक्टरांकडे जा.

दिंडीत वैद्य पुष्कळ भेटतात. कुणी चुना लावायला सांगतं, कुणी टूथपेस्ट, आणि सुईदोरा ओवून दोरा फोडातच ठेवायला सांगणारे तर हमखास असतात. तो दोरा बाहेरची घाण आत नेतो. त्यांना नमस्कार करून पुढे चला.

फोडाभोवती लाली पसरू लागली, पू दिसला, पायावर लाल रेघ चढली किंवा ताप आला तर चालणं तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा. वेड्या बाभळीचा काटा खोल गेला असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर तेही विचारून घ्या.

पोचल्यावर चंद्रभागेत किंवा संगमावर स्नान होतंच. त्यानंतर ओल्या पायांवर मोजे चढवून एसटी गाठण्याची घाई करू नका, पाय वाळवून चपला घाला. घरी आल्यावर फोडाची सुकलेली कातडी ओढू नका. खाली नवी तयार झाली की ती आपोआप सुटते.