ऑक्युपेशनल थेरपीची पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण: या चुका टाळा

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे आजार किंवा दुखापतीनंतर माणसाला रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीचे उपचार. त्यातली बीओटीएच ही पदवी आणि त्यानंतरची एमओटीएच ही पदव्युत्तर पदवी हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत, त्यांच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या आहेत आणि गुणपत्रिकाही वेगळ्या मिळतात. तरीही ज्याला दोन्ही करायचे आहेत त्याने ते सहा-सात वर्षांचे एकच शिक्षण मानावे, असे माझे ठाम मत आहे. एमओटीएचच्या प्रबंधात अडकलेला विद्यार्थी माझ्याकडे येतो तेव्हा त्याची अडचण संख्याशास्त्राची आहे असे तो सांगतो. थोडे खोदून विचारले की लक्षात येते, पदवीच्या वर्षांत रुग्णाला जे प्रश्न विचारायला हवे होते, ते विचारण्याची सवयच त्याला लागलेली नाही. दरवर्षी नवी तुकडी येते आणि चुका मात्र जुन्याच असतात, म्हणून त्या एकदा लिहून ठेवत आहे.

महाराष्ट्रात बीओटीएचचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात. त्यामुळे एमबीबीएस किंवा बीडीएस हुकले म्हणून इकडे आलेले विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात, आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते पहिले वर्ष अर्ध्या मनाने काढणे. पुन्हा नीट द्यायची असेल तर सरळ द्यावी. पण एकीकडे तिची तयारी आणि दुसरीकडे सीनियरच्या नोट्सवर शरीररचनाशास्त्र, असा दुहेरी संसार करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे दोन्हीकडे नुकसान झालेले मी पाहिले आहे. ब्रेकियल प्लेक्ससची, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याची, सी-५ ते टी-१ ही मुळे पाठ करून तोंडी परीक्षा निभावते. मात्र रेडियल नर्व्ह, म्हणजे मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची नस, निकामी झालेल्या माणसाला भरलेला तांब्या का उचलवत नाही, हे सांगता आले पाहिजे: मनगट खाली पडते, त्यामुळे बोटे वळवणाऱ्या स्नायूंना पुरेसा ताण मिळत नाही आणि शाबूत असलेली मूठही दुबळी होते. हे ज्याला पहिल्या वर्षी उमगले, त्याला पुढे कॉक-अप स्प्लिंट, म्हणजे मनगट वर उचलून धरणारा आधार, कशासाठी हे वेगळे शिकवावे लागत नाही.

कपाटातून उपचार काढणे

माझ्या रागाची ही सर्वांत जुनी जागा. विभागात एक कपाट असते, त्यात पेगबोर्ड (भोकांत पेग, म्हणजे छोट्या खुंट्या, बसवायची फळी), शंकूच्या आकाराचे कोन, क्ले, रंगीत मणी आणि ताणून व्यायाम करायचे थेराबँड ठेवलेले असतात. रुग्ण येतो, विद्यार्थी केसपेपरवर ‘स्ट्रोक’ एवढे वाचतो, कपाट उघडतो आणि पेगबोर्ड पुढे ठेवतो. पक्षाघात झालेला शिंपी असो, बँकेतला कारकून असो किंवा नऊवारी नेसणारी आजी असो, सगळ्यांना पेग मिळतात.

एका रुग्णालयात उजव्या बाजूचा पक्षाघात झालेले पन्नाशीचे गृहस्थ उपचारासाठी येत असत. त्यांचा फुलांचे हार करून विकण्याचा व्यवसाय होता. इंटर्नने त्यांच्यावर मनापासून मेहनत घेतली होती. डायनामोमीटरवरचे मुठीच्या जोराचे आकडे दर आठवड्याला वर चढत होते, पेग भराभर बसत होते, आणि केस प्रेझेंटेशनमध्ये त्याने रोजच्या कामांतले स्वावलंबन मोजणाऱ्या गुणपद्धतीवर ‘बार्थेल इंडेक्स १००, रुग्ण स्वावलंबी’ असे जाहीर केले. शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांना विचारले तेव्हा कळले की हे जेवतात ते डाव्या हाताने चमच्याने, आणि आजारपणापासून एकही हार झालेला नाही. इंटर्न गोंधळला, कारण पेगइतक्याच आकाराची फुले उचलता येत नाहीत हे त्याच्या हिशेबात बसत नव्हते.

आम्ही गेटबाहेरून शेवंती, दोरा आणि सुई मागवली. खाली पाहून काम चालले होते तोवर फुले नीट ओवली जात होती, परंतु कोणीतरी बोलायला लागले, त्यांनी मान वर केली आणि चिमटीतले फूल गळून पडले. पुन्हा तेच झाले. डोळे मिटून हातातली वस्तू ओळखण्याची क्षमता, म्हणजे स्टिरिओग्नोसिस, कोणी तपासलीच नव्हती. ती तपासल्यावर किल्ली आणि नाणे यांतला फरकही त्यांना सांगता येईना. पेग लावताना माणूस पेगकडेच पाहतो, त्यामुळे संवेदनेची उणीव डोळे भरून काढतात. दुकानावर बसलेल्या माणसाची नजर मात्र गिऱ्हाइकाकडे असते. कित्येक आठवड्यांच्या आकडेवारीने जे लपवले होते, ते चार फुलांनी उघड केले.

बार्थेल इंडेक्समध्ये मोजून दहा बाबी आहेत. १९६५ साली तो मांडणाऱ्या माहोनी आणि बार्थेल यांनीच बजावले होते की १०० गुण मिळालेला माणूस एकटा राहू शकेलच असे नाही, कारण स्वयंपाक किंवा घर चालवणे त्यात मोजलेलेच नाही. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसता येते का, जमिनीवरून उठता येते का, बादलीतून तांब्याने अंगावर पाणी घेता येते का, नाडीची गाठ बसते का, हेही त्यातून कळत नाही. चाळीत सामाईक मोरी असलेल्या घरी जाणाऱ्या रुग्णासाठी मात्र हेच प्रश्न निर्णायक असतात.

यावर माझा उपाय साधा आणि काहीसा हेकट आहे. रुग्णाचा उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस एका कागदावर लिहून आणल्याशिवाय मी विद्यार्थ्याला कपाटाची किल्ली देत नाही. त्यात वेळा असाव्यात, घरातील जागा असाव्यात, मदतीला कोण असते ते असावे आणि रुग्णाला सर्वांत आधी परत काय करायचे आहे हे त्याच्याच शब्दांत असावे. त्यातली एक कृती निवडून तिचे टप्पे पाडावेत आणि प्रत्येक टप्प्याला कोणती हालचाल, कोणती संवेदना आणि किती लक्ष लागते ते नोंदवावे. याला वेळ लागतो. ज्यांना तो द्यायचा नसतो ते ‘ओपीडीत गर्दी असते’ असे सांगतात. गर्दी मलाही दिसते, पण चुकीचा उपचार महिनाभर करायला वेळ असतोच की.

स्प्लिंटच्या बाबतीतही घाईच नडते. कागदावर नमुना न कापता थेट थर्मोप्लास्टिकवर, म्हणजे गरम केल्यावर मऊ होणाऱ्या प्लास्टिकवर, कात्री चालवू नये, कारण ती शीट महाग असते आणि वाया गेलेला तुकडा पुन्हा जोडता येत नाही. कॉक-अप स्प्लिंटची पुढची कड तळहातावरील बोटांजवळच्या आडव्या रेषेच्या अलीकडे, मनगटाच्या बाजूलाच थांबली पाहिजे, नाहीतर बोटे मुळापासून वळत नाहीत. मागची बाजू मनगटापासून कोपरापर्यंतच्या भागाच्या साधारण दोन-तृतीयांश लांबीची हवी. स्प्लिंट बसवून अर्धा तास रुग्णाला बसवून ठेवावे, मग काढून त्वचा पाहावी. करंगळीच्या बाजूला मनगटाचे हाड वर येते, तिथे लाली टिकून राहिली असेल तर स्प्लिंट दुरुस्त केल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवू नये.

मानसोपचाराची पोस्टिंग ही विश्रांतीची पोस्टिंग नव्हे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये ज्या राज्यात आहेत, तिथला विद्यार्थी पदवी घेऊनही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाशी दहा मिनिटे बोलू शकत नसेल तर ते लाजिरवाणे आहे.

दुसऱ्या वर्षापासून शनिवार-रविवारच्या कार्यशाळांची प्रमाणपत्रे जमवणाऱ्यांना माझे सांगणे आहे की मुलांच्या सेंटरमध्ये झोपाळा टांगला म्हणजे सेन्सरी इंटिग्रेशन, म्हणजे मुलाला संवेदनांचा मेळ घालायला मदत करणारी उपचारपद्धती, होत नाही. अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी हा सिद्धान्त मांडताना आधी मूल्यमापन ठेवले होते, झोपाळा त्यानंतर येतो.

इंटर्नशिपचे लॉगबुक शेवटच्या आठवड्यात मित्राचे पाहून भरू नये. शाई एकच आहे हे परीक्षकाला लगेच दिसते.

प्रबंध सुरू करण्याची घाई

एमओटीएचला आल्यावर पहिली चूक विषय निवडतानाच होते. परदेशी नियतकालिकातला एखादा शोधनिबंध उचलायचा, त्यातला देश बदलायचा आणि तीच मापनश्रेणी लावायची, हा सोपा मार्ग लोकप्रिय आहे. विषय आपल्या ओपीडीतल्या, वारंवार पडलेल्या प्रश्नातून यावा. ज्यांनी पदवीच्या काळात रुग्णांच्या दिवसांचे ते कागद जपून ठेवले, त्यांना तो शोधावा लागत नाही.

दुसरी चूक अधिक महागात पडते. हाताच्या पुनर्वसनावर काम करणाऱ्या एका हुशार विद्यार्थिनीने नैतिकता समितीची मंजुरी मिळताच रुग्ण घ्यायला सुरुवात केली. तिच्या अभ्यासात दोन गट होते, उपचार होता, म्हणजे ती क्लिनिकल ट्रायल होती. पण क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतील, म्हणजे सीटीआरआयमधील नोंदणी ‘नंतर करू’ म्हणून राहिली. निम्म्याहून अधिक रुग्ण झाल्यावर ती फॉर्म भरायला बसली. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी स्वीकारते, त्यामुळे दार बंद झालेले होते. प्रबंध मंजूर झाला, मात्र नोंदणी क्रमांक नसल्यामुळे ज्या नियतकालिकांकडे तिने लेख पाठवला त्यांनी तो परत केला. काम चांगले होते, याचेच अधिक वाईट वाटते. म्हणून क्रम असा ठेवावा: आराखडा, नैतिकता समिती, सीटीआरआयचा क्रमांक हातात, आणि त्यानंतरच पहिल्या रुग्णाची सही. मधल्या आठवड्यांत मोजमाप करण्याचा सराव करावा. एकाच सांध्याचा कोन गोनिओमीटरने दोनदा मोजल्यावर तुमचेच दोन आकडे जुळतात का, ते तेव्हा पाहावे.

परदेशी जाण्याचा विचार असलेल्यांनी एजंटच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. अमेरिकेत २००७ पासून या व्यवसायातील प्रवेशासाठी पदव्युत्तर पातळीचे शिक्षण लागते आणि तिथे पदवी व पदव्युत्तर एकत्र असलेले अभ्यासक्रम आहेत. परंतु ते शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी असतात, बीओटीएच झालेल्याने पुन्हा त्यांत शिरण्यापूर्वी आपल्या शिक्षणाची पात्रता तपासून घ्यावी. ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक महासंघाच्या किमान निकषांनुसार १,००० तासांचे प्रत्यक्ष काम लागते, त्यामुळे प्रत्येक पोस्टिंगचे तास, विषयवार अभ्यासक्रम आणि विभागप्रमुखांची सही असलेले पत्र इंटर्नशिप संपण्याआधीच कार्यालयातून घ्यावे. नंतर प्रमुखांची बदली होते, जुनी हजेरीपुस्तके तळघरात जातात आणि परदेशातून फोनवर ती शोधून देण्याची विनंती ज्या कारकुनाला करावी लागते, त्याला तुमचे नावही आठवत नसते.