गोधडी अर्ध्यावर का अडते? गाठोड्यापासून टाक्यापर्यंतच्या या चुका टाळा

अर्ध्यावर पडलेल्या गोधडीचं खापर बहुतेक जणी वेळेवर फोडतात. पण तीच गोधडी उलगडून थर बोटांनी चाचपले की खरं कारण हाताला लागतं. कुठे टेरिकॉटचा तुकडा आडवा आलेला असतो, कुठे मधली साडी विरलेली असते, कुठे थर सरकून पोटात फुगा आलेला असतो. सुई जड जायला लागली की काम आपोआप बाजूला पडतं. यातले बरेच दोष शिवताना होत नाहीत, ते जुन्या कापडाच्या गाठोड्यातून आलेले असतात. म्हणून सुरुवात गाठोड्यापासून.

न तपासलेलं कापड थेट कापायला घेणं

पेटीतल्या जुन्या साड्या, धोतरं, परकर, सदरे दिसायला सारखेच सुती वाटतात. गेल्या काही दशकांतल्या ‘कॉटन’ म्हणून घेतलेल्या कितीतरी साड्यांत पॉलिएस्टरची भेसळ असते. कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मऊ करडी राख उरते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. राख आणि मणी दोन्ही दिसले तर कापड मिश्र आहे. हे काम मोरीत किंवा अंगणात करा, शेजारी पाण्याचं भांडं ठेवा.

पॉलिएस्टर टाकून द्यायची गरज नाही, फक्त सुती कापडात मिसळू नका. सुती कापड धुतल्यावर आटतं, पॉलिएस्टर जवळजवळ आटत नाही. दोन धुण्यांनंतर त्याच चौकोनाला सुरकुत्या पडतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत. शिवाय आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात पॉलिएस्टरचा थर असलेली गोधडी अंगाखालीसुद्धा नको होते. अशा साड्यांचं पायपुसणं किंवा पेटीवरचं झाकण करा.

दुसरी तपासणी ताकदीची. कापड दोन्ही अंगठ्यांमध्ये वीतभर अंतरावर धरून आधी उभ्या, मग आडव्या धाग्याच्या दिशेने झटका द्या. ‘चर्र’ आवाज आला तर ते कापड वरच्या बाजूला चालणार नाही. नंतर उजेडासमोर धरा. नेसण्याच्या साडीत निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो, पदर आणि आतला खोचायचा भाग टिकलेला असतो. अख्खी साडी नाकारण्याऐवजी विरलेला भाग खडूने खूण करून फाडून काढा. थोडी विरलेली पण न फाटणारी साडी आतल्या थराला उत्तम, ती मऊ असते आणि सुई लोण्यासारखी जाते. मात्र हाताने ओढताच फाटणारं कापड आतही घालू नका. धुताना ते आतल्या आत फाटून त्याच्या गुठळ्या होतात, आणि त्या बाहेर काढायला अख्खी गोधडी उसवावी लागते.

रंगाची परीक्षा न घेणं

लाल, मरून, गडद निळा आणि काळा हे चार रंग संशयित धरा. पांढरं ओलं फडकं कापडावर दहा-बारा वेळा जोरात घासा. फडक्याला रंग लागला तर ते कापड वेगळ्या बादलीत भिजवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. पाच-सहा पाण्यांनंतरही रंग सुटतच असेल तर ते फिक्या तुकड्यांशेजारी लावू नका. मीठ-तुरटीच्या पाण्याने रंग पक्का होतो असं सर्रास सांगितलं जातं. आजच्या बाजारातल्या रंगांच्या बाबतीत त्यावर भरवसा ठेवू नका.

शिवून झालेल्या गोधडीत रंग पसरलाच तर ती वाळू देऊ नका. ओली असतानाच भरपूर गार पाण्यात सैल सोडा आणि रंग उतरेपर्यंत पाणी बदलत राहा. एकदा उन्हात वाळली आणि वर इस्त्री फिरली की डाग बसला म्हणून समजा.

काठासकट साडी घालणं

साडीचा काठ अंगापेक्षा दाट विणलेला असतो, त्याचं आटणं वेगळं. काठ तसाच ठेवून चौकोन कापले की त्या रेषेवर कापड चुण्या धरतं. काठ आधीच फाडून वेगळे गुंडाळा. ते कडेच्या पट्टीला किंवा मधल्या चौकटीला शोभतात. जरीचा काठ असेल तर इस्त्रीपासून जपा, कारण हल्लीची बरीचशी जर प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर चढवलेली असते आणि गरम इस्त्रीखाली चिकटते.

नवं कापड असेल, उदाहरणार्थ अस्तरासाठी आणलेलं मांजरपाट (जाडंभरडं कोरं सुती कापड), तर ते कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. जुन्या साड्या आधीच आटलेल्या असतात. न धुतलेलं मांजरपाट त्यांना जोडलं की पहिल्याच धुण्यात ते मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आखडतं आणि वरची बाजू फुगते.

साठवण: खळ, प्लास्टिक आणि माळा

खळ घातलेलं कापड तसंच पेटीत ठेवणं ही कसरीला दिलेली मेजवानी. खळीतला स्टार्च हेच कसरीचं आणि झुरळांचं खाणं. ठेवायच्या कापडाला खळ नको. आधीची असेल तर कोमट पाण्यात भिजवून, धुऊन, पूर्ण कोरडं करून मगच ठेवा.

पत्र्याखालचा माळा ही खानदेशातल्या घरांची हमखास जागा, आणि कापडासाठी सर्वांत वाईट. जळगाव-भुसावळकडे बाहेर पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. प्लास्टिकच्या पिशव्या ठिसूळ होतात, रबर वितळून कापडाला चिकटतं. मग पावसाळ्यात त्याच पिशवीत ओल अडकते आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात. कापड जुन्या सुती चादरीच्या गाठोड्यात बांधून खालच्या खोलीत, भिंतीपासून चार बोटं दूर आणि जमिनीपासून उंच ठेवा. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात हे जास्तच महत्त्वाचं, कारण मातीच्या भिंतीतून वाळवी सरळ गाठोड्यात शिरते. लोखंडी पेटी वापरायची तर तळाला आणि बाजूंना धुतलेलं मांजरपाट अंथरा, नाहीतर गंजाचे डाग पडतात. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते आणि कागदातल्या आम्लाने कापड पिवळं पडतं.

वर्षातून दोनदा, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास आणि दसऱ्याआधीच्या धुण्याबरोबर, गाठोडं सोडा. सावलीत वारा द्या आणि घड्या वेगळ्या जागी मोडा. वर्षानुवर्षं एकाच जागी घडी राहिली की कापड त्या रेषेवरच फाटतं. कडुनिंबाचा पाला घालायचा तर कडकडीत वाळलेला, आणि तोही सुती पुरचुंडीत. ओल्या पाल्याचे हिरवे-तपकिरी डाग निघत नाहीत.

डांबर गोळ्यांबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. बाळाच्या दुपट्याचं कापड डांबर गोळ्यांत ठेवू नका. जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. बाळात ही कमतरता आहे की नाही हे वरून कळत नाही. असं कापड आधीच गोळ्यांत राहिलं असेल तर ते दुपट्याला घेऊच नका, मोठ्यांच्या गोधडीत वापरा.

हिशोब न करता सुरुवात

साडेचार फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे ५४ बाय ७२ इंच, ही एका माणसाची गोधडी धरू. साडेपाच मीटरच्या, ४५ इंच पन्ह्याच्या एका साडीचे ५४ इंचांचे चार तुकडे पडतात. दोन-दोन जोडले की दोन थर होतात. नऊवारी लुगड्याचे तीन थर निघतात. कापड विरलेलं असेल तर एक थर कमी धरा.

थर किती, हा खरा प्रश्न. धुळ्यात थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो, त्या दिवसांसाठी वर-खाली धरून पाच-सहा थर पुरतात. उन्हाळ्यात अंथरायला तीन बास. घरातल्या सगळ्या साड्या एकदाच संपवायच्या म्हणून नऊ-दहा थर लावणं ही गोधडी अर्ध्यावर सोडायची हमखास वाट आहे. सुई जात नाही, बोटं सोलतात. हट्टाने पुरी केलीच तरी भिजल्यावर तिचं वजन दुपटीहून जास्त होतं आणि ती पिळायला दोन माणसं लागतात. जास्तीच्या साड्यांची दुसरी गोधडी करा.

तुकड्यांची वरची बाजू करायची असेल तर ५ इंची चौकोन कापा. पाव इंच शिलाई दोन्ही बाजूंनी गेली की चौकोन साडेचार इंचांचा उरतो, आणि आडवे १२ व उभे १६ मिळून १९२ चौकोनांत ५४ बाय ७२ भरतं. ४४ इंच पन्ह्यात एका ओळीत आठ चौकोन बसतात. म्हणजे एकूण कापड तीन मीटरच्या आसपास. इथली नेहमीची चूक म्हणजे शिलाईचा अंदाज डोळ्याने घेणं. प्रत्येक बाजूला फक्त एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त गेलं तरी आडव्या ११ शिलायांत पावणेतीन इंच गायब होतात आणि ओळी एकमेकींना जुळत नाहीत. मशिनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावा, कापडाची कड तिला घासून चालवा. ओळी जमल्या नाहीत तर ओढून बसवू नका. लांब झालेल्या ओळीच्या दोन-तीन शिलाया उसवून पुन्हा घ्या.

कडेच्या गोटासाठी घेर २५२ इंच. कोपरे आणि जोड धरून अडीच इंच रुंदीच्या सात पट्ट्या, म्हणजे अर्धा मीटर कापड, आधीच बाजूला काढून ठेवा. गोटाचं कापड शेवटी शोधायला गेलं की मिळत नाही, आणि शंभर टक्के झालेलं काम कड उघडी राहून पडून राहतं.

दोऱ्याचंही तसंच. इंचा-इंचाच्या अंतराने उभा धावदोरा घातला तर ५४ ओळी होतात. टाक्यातली खोली आणि गाठी धरून एकेरी दोरा सव्वाशे ते एकशेचाळीस मीटर लागतो. अर्ध्या इंचाचं अंतर घेतलं तर दुप्पट. सगळा दोरा एकदम आणा, पुढच्या खेपेला रंगाची छटा हमखास वेगळी निघते. जुन्या मऊ साडीला जाड सुती दोराच बरा. पॉलिएस्टरचा बारीक, चिवट दोरा ताण आला की स्वतः तुटत नाही, कापड कापतो.

कच्चा टाका टाळणं

कच्चा टाका म्हणजे थर हलू नयेत म्हणून आधी घालायचा तात्पुरता लांब टाका. तो टाळणं हे मधे फुगा येण्याचं एक नंबरचं कारण. खालचं अस्तर उलटी बाजू वर करून गच्चीवर किंवा फरशीवर ताणून पसरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा. प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने सारवत बसवा. मग मधून चारी दिशांना, आणि नंतर सहा ते आठ इंचांच्या जाळीत कच्चा टाका घाला. आपल्याकडे बऱ्याच जणी कडेने सुरू करून चौकोनी फेऱ्यांत आत शिवत येतात. पद्धत छान दिसते, पण तिच्यात सैल कापड मधे गोळा होतं, म्हणून तिला कच्चा टाका आणखी दाट हवा.

फुगा आलाच तर त्याच्यावरून शिवत जाऊ नका, तिथे कायमची चुणी पडते. फुग्याभोवतीच्या तीन-चार ओळी उसवा, सैल कापड कडेकडे सारा, पुन्हा टाचा. फुगा फक्त वरच्या थरात आणि बोटभरच असेल तर बारीक चीर देऊन वर ठिगळ लावलं तरी चालतं. गोधडीला ठिगळाची लाज नसते.

हाताने शिवताना दोरा हातभरच घ्या. लांब दोरा पिळ खातो, विरतो, गाठी धरतो. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. मशिनवर पाच थर शिवायचे तर १६ नंबरची सुई आणि टाका तीन ते साडेतीन मिलिमीटर. टाके गळत असतील तर आधी सुई बदला, टेन्शनचा स्क्रू नंतर फिरवा. दुपारी शेजारणी मदतीला बसतात ते चांगलंच, फक्त प्रत्येकीचा टाका वेगळा असतो. एकीचा ताणलेला आणि दुसरीचा सैल अशा ओळी आलटूनपालटून आल्या तर गोधडी लाटांसारखी होते. एकेकीला एकेक पूर्ण बाजू वाटून द्या.

चालू काम गुंडाळून ठेवताना

सुई गोधडीत टोचून ठेवू नका. पावसाळ्यात ती गंजते आणि डाग आरपार सगळ्या थरांत उतरतो. टाचण्या आणि सेफ्टी पिनांचंही तेच. पांढऱ्या कापडावर गंज आलाच तर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, रस सुकू न देता पुन्हा लावा, मग भरपूर पाण्याने धुवा. रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात करून पाहा, लिंबाने रंगही उडतो.

घडी घालण्यापेक्षा गोधडी गुंडाळी करून ठेवा म्हणजे कच्चे टाके ताणत नाहीत. सोबत एका पिशवीत उरलेला दोरा, गोटाच्या पट्ट्या आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: माप, थर, ओळींमधलं अंतर, पुढचं काम काय. पेन नको, ओल लागली की शाई पसरते. एका वेळी दोन कामं पुरेत, एक मशिनवरचं आणि एक हातावरचं. तिसरी गोधडी सुरू करायचा मोह झाला तर त्या दिवशी फक्त चौकोन कापा आणि रंगाप्रमाणे गड्डे बांधून ठेवा.

वर्षभर हात न लागलेली गोधडी पुढे शिवायची की नाही हे ठरवायला ती एकदा उन्हात पसरून तीन ठिकाणी चाचपा. कापड धड असेल आणि फक्त थर सरकले असतील तर कच्चा टाका नव्याने घाला. आतला थर विरला असेल तर पूर्ण उसवून वरची बाजू वाचवा, तिला नवं अस्तर द्या. आणि अर्धाच भाग शिवून झाला असेल, पण तो नीट असेल, तर तेवढाच कापून कडेला गोट मारा. ३६ बाय ३६ इंचांत बाळाचं दुपटं होतं, त्याहून लहान उरलं तर माठाखाली घालायला किंवा गरम पातेलं उतरवायला.