देवळाची पेटी वेगळी, गरिबांची वेगळी

आम्ही वसईचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो, म्हणून इथेही तसंच लिहिते. बँकेतून रिटायर झाले आणि फादरांनी मला मदत गटाची खजिनदार करून टाकलं. ‘तुम्हाला आकड्यांची सवय आहे’ एवढंच कारण. त्याला आता अकरा वर्षं झाली. अधूनमधून तरुण मुलं घरी येतात. कुणाला पाड्यावरच्या मुलांची शिकवणी घ्यायची असते, कुणाला एकट्या म्हाताऱ्यांना डबा पोचवायचा असतो. मी चहा ठेवते आणि पहिला प्रश्न विचारते, ‘पैसे कुठल्या पेटीत टाकणार?’

म्हणजे काय ते सांगते. फादरांच्या ऑफिसात जा आणि देवळाच्या ट्रस्टचा नोंदणी दाखला बघायला मागा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयाने दिलेल्या नंबराआधी एक अक्षर असतं. ए म्हणजे हिंदूंच्या संस्था, बी मुस्लिमांच्या, सी पारशांच्या, डी बाकीच्या धर्मांच्या. ई म्हणजे कुठल्याच एका समाजापुरती नसलेली संस्था, आणि एफ सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली. देवळाचा नंबर बहुतेक डीमध्येच निघेल. एका धर्माच्या लोकांसाठी असलेल्या ट्रस्टला देणगी दिली तर देणाऱ्याला आयकरातली ती सवलत मिळत नाही, जिला सगळे ऐंशी-जी म्हणतात. तुमचा डबा ख्रिस्ती नसलेल्या कातकरी आजीकडेही जाणार असेल, तर तो खर्च देवळाच्या वहीत घुसडू नका.

म्हणून लगेच नवीन ट्रस्ट काढायला धावूही नका. ट्रस्ट काढणं म्हणजे म्हैस विकत घेणं. आणताना सगळे हार घालतात, धार मात्र एकट्यालाच काढावी लागते. दरवर्षी ऑडिट, आयकराचं रिटर्न, आणि एखादा विश्वस्त बदलला की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज. तो राहिला की पुढच्या समितीच्या गळ्यात जुनं लोढणं. जागा विकायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते, नंतर नाही. पहिली दोन वर्षं व्हिन्सेंट दी पॉल गटात, म्हणजे गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक मंडळात, किंवा धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागाच्या) समाजकार्य संस्थेत काम करा. नंतरही दम उरला तर बघू.

आता रविवारची मोजणी. हे मात्र जिवाचे कान करून वाचा. मिस्सा, म्हणजे देवळातली रविवारची उपासना, संपली की पिशवी थेट टेबलावर येते. मोजायला तिघं, आणि त्यातले दोघे एकाच घरातले नकोत. आधी नोटा सरळ करायच्या, मग नाणी दहा-दहाच्या चवडी लावून. पाकिटं वेगळी काढायची, कारण पाकिटावर कधीकधी पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलेलं असतं. ‘औषधासाठी’ असा एक शब्दसुद्धा पुरतो. तो शब्द वहीत पाकिटासमोर उतरवायचा. तिघांच्या सह्या, आणि रक्कम सोमवारीच बँकेत. ‘राहू दे कपाटात, बुधवारी भरू’ हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोलत नाही.

त्या ‘औषधासाठी’चं एवढं काय, असं विचाराल. ज्या कामासाठी दिलं त्याच कामासाठी वापरायचं, हा चर्चच्याच कायद्याचा नियम आहे, कलम १२६७. मी तो चूक करून शिकले. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली तेव्हा आम्ही पूरग्रस्तांसाठी झोळी फिरवली. वाटप होऊन पैसे उरले. हॉलचं छप्पर गळत होतं, समितीत कुणीतरी म्हणालं, उरलेत तर लावू तिकडे. मी चेक लिहिला. पुढच्या आठवड्यात एका कोळणीने मला बाजारातच गाठलं, ‘बाय, माझे पैसे पत्र्याला गेले का गं?’ काय उत्तर देणार! छपरासाठी वेगळी वर्गणी काढली, पुराचे पैसे परत पुराच्या खात्यात घातले, आणि तेव्हापासून पावती पुस्तकावर कारण लिहिल्याशिवाय मी पावती फाडत नाही. दोन हजारांच्या वर रोख देणगी दिली तर ऐंशी-जीची सवलत नाही, हेही देणाऱ्याला तिथेच सांगते.

परदेशातल्या पैशांचं कोडं आमच्याकडे घरोघरी आहे. दुबईतल्या काकाचा पासपोर्ट भारतीय असेल आणि त्याने स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेमार्फत पाठवले, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण कॅनडाची नागरिक झालेली आत्या सणाला आली आणि तिने प्रेमाने पाकीट पुढे केलं, तर हात जोडून नको म्हणा. तिच्या पैशांसाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यावे लागतात. आत्या रागावते. रागावू दे.

आणखी एक. ऑपरेशनसाठी कुणी मदत मागायला आलं की लगेच वर्गणी काढू नका. राज्यातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशन कार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा. काउंटरवरचा माणूस ‘खाट नाही’ म्हणेलच. लेखी द्या म्हणायचं, आवाज न चढवता. माझे कितीतरी चेक असे वाचलेत.

राहिल्या घरभेटी. व्हिन्सेंट दी पॉल मंडळ १८३३ मध्ये पॅरिसात सुरू झालं तेव्हा त्याच्या संस्थापकांतला फ्रेडरिक ओझानाम जेमतेम वीस वर्षांचा विद्यार्थी होता, म्हणजे तुमच्याच वयाचा. आमच्या गटातही दोघं-दोघं जातात, एकटं कुणी नाही. पिशवी उंबऱ्यात ठेवून पळायचं नाही, बसायचं, पाणी प्यायचं. मोबाइल खिशात. तांदळाच्या पिशवीसोबत म्हातारीचा फोटो काढून ग्रुपवर टाकणाऱ्या एका मुलाला मी तो तिथल्या तिथे पुसायला लावला होता. चिडून गेला, दोन महिने दिसला नाही. आता रविवारी नाणी तोच मोजतो.