घरभर एकच गाणं: खोल्याखोल्यांसाठी वायरलेस स्पीकर कसे निवडाल

स्वयंपाकघरात सुरू झालेला अभंग बैठकीच्या खोलीतही त्याच ओळीवर ऐकू यावा आणि झोपायच्या खोलीत हवा असेल तर तिथेही. नको असेल तर तेवढ्या खोलीपुरता बंद करता यावा. ‘मल्टीरूम’ म्हणतात ते एवढंच. दुकानात मात्र बोलणं थेट वॉटवर आणि डिस्काउंटवर जातं, आणि लोक चांगले स्पीकर घेऊनही वैतागतात. माझ्या मते स्पीकर निवडायचा तो सगळ्यात शेवटी. आधी घरातलं वाय-फाय बघायचं, मग स्पीकर एकमेकांशी कोणत्या पद्धतीने जोडले जाणार ते ठरवायचं, आणि त्यानंतर दुकान गाठायचं.

१. कुठे, काय आणि कोण ऐकणार?

कागदावर घराचा कच्चा आराखडा काढा आणि प्रत्येक खोलीत काय ऐकलं जातं ते लिहा. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन, मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या असतात. तिथे नाजूक स्वर वाया जातो, शब्द स्पष्ट ऐकू आले म्हणजे झालं. खरं ऐकणं होतं बैठकीच्या खोलीत, तेव्हा पैसा तिथे घाला. बेडरूमला छोटा स्पीकर पुरतो. टू बीएचकेमध्ये प्रत्येक खोलीत स्पीकर हवाच असं नाही, दोन-तीन पुष्कळ झाले.

चालवणार कोण, तेही लिहा. घरात आजी-आजोबा असतील तर फोनमधलं ॲप उघडून खोली निवडा, हे रोज कोण करणार? अशा घरात अंगावर खरी बटणं असलेला स्पीकर घ्यावा. बोलून चालवायचा म्हटलं तर भाषेचा प्रश्न येतो: अलेक्साला हिंदी आणि इंग्रजीत हुकूम देता येतो, मराठीत नाही. मराठी गाण्यांची नावं तिला कळतात, कधी कधी.

आणखी एक नोंद करा: घरात आयफोन किती, अँड्रॉइड किती? पुढचा अर्धा निर्णय त्यावरच होतो.

२. ब्लूटूथ आणि मल्टीरूममध्ये गल्लत करू नका

ब्लूटूथ स्पीकर स्वस्त, सोपा आणि सहलीला उत्तम. पण त्यात सगळं गाणं फोनमधून जातं. फोन घेऊन गॅलरीत गेलात की मधल्या भिंती आवाज तोडतात, फोन आला की गाणं थांबतं, आणि काही कंपन्यांची ‘पार्टी मोड’ची सोय सोडली तर एका वेळी एकाच स्पीकरवर वाजतं. ती सोयही बहुधा त्याच कंपनीच्या स्पीकरांपुरती आणि एकाच खोलीच्या अंतरातली. घरभर गाणं हवं असेल तर वाय-फायवर चालणारा स्पीकर लागतो.

३. वाय-फाय तपासा, इथेच बहुतेक घरं अडतात

फायबर जोडायला आलेला माणूस राउटर कुठे लावतो? केबल जिथून आत येते तिथे, म्हणजे बहुधा मुख्य दाराजवळ किंवा टीव्हीमागे. स्वयंपाकघर आणि मागची खोली दुसऱ्या टोकाला. मध्ये आरसीसीचे खांब, विटांच्या भिंती, लोखंडी कपाट आणि फ्रिज. कोकणात जांभ्याच्या जाड भिंतींचं घर असेल किंवा जुना वाडा असेल तर विचारूच नका.

फोन घेऊन स्पीकर जिथे ठेवायचे त्या प्रत्येक जागी उभे राहा आणि तिथे व्हिडिओ अडखळतो का ते बघा. गाण्याला फार वेग लागत नाही. सीडीच्या दर्जाचं, अजिबात न दाबलेलं गाणंसुद्धा सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिटमध्ये मावतं. त्यामुळे इंटरनेटचा प्लॅन वाढवून काही साधत नाही. सिग्नल सलग हवा, बस. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असते पण भिंतीत लवकर मरते; २.४ गिगाहर्ट्झची लांब पोचते, पण सोसायटीतल्या शेजाऱ्यांचे सगळे राउटर आणि आपला मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात गर्दी करतात. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यातला कमी गर्दीचा निवडला तरी पुष्कळ फरक पडतो.

आता आपल्याकडे सर्रास आढळणारी भानगड. इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्यात स्वतःचं वाय-फाय असतं, आणि रेंज येत नाही म्हणून आपण त्याला दुसरा राउटर जोडतो. आता घरात दोन वेगळी नेटवर्क झाली. फोन एका नेटवर्कवर, स्पीकर दुसऱ्यावर. दोघांनाही इंटरनेट मिळतंय, पण फोनला स्पीकर दिसत नाही. लोक स्पीकरला शिव्या देतात आणि दोष असतो या दोन नेटवर्कचा. उपाय सोपा आहे: दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, म्हणजे सगळं घर एकाच नेटवर्कवर येतं. त्याच कारणाने स्पीकर कधीही गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर, जोडू नका. घर मोठं किंवा दुमजली असेल तर सिग्नल नुसता पुढे ढकलणाऱ्या स्वस्त रिपीटरच्या मागे न लागता मेश राउटरचा संच घ्या, म्हणजे दोन-तीन डबे मिळून घरभर एकच नेटवर्क करतात. रंगकामाच्या वेळी भिंतीतून लॅन केबल टाकून घेता आली तर त्याहून उत्तम. मेशचे दोन डबे तारेने जोडलेले असले की निम्मी दुखणी होतच नाहीत.

वीज गेल्यावर काय, हेही इथेच बघून घ्या. इन्व्हर्टर बहुधा दिवे-पंख्यांच्या लाइनवर असतो. स्पीकर त्या लाइनवर असला आणि फायबरचा डबा नसला, तर स्पीकर चालू पण गाणं बंद. डबा आणि राउटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटे यूपीएस मिळतात. अडॅप्टरवरचे आकडे जुळवून घ्या.

४. जोडणीची पद्धत ठरवा

बाजारात आज मुख्यतः चार वाटा आहेत.

पहिली ॲपलची एअरप्ले २. ही २०१८ पासून आहे आणि तिची मोठी सोय म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे स्पीकर एका गटात, म्हणजे एकच गाणं एकाच वेळी, वाजतात. आयफोनवरच्या जवळपास कुठल्याही ॲपचा आवाज पाठवता येतो. आकाशवाणी असो, कीर्तनाचं रेकॉर्डिंग असो, यूट्यूब असो. खोक्यावर नुसतं ‘एअरप्ले’ नव्हे, ‘एअरप्ले २’ लिहिलंय ना ते बघा. गट करण्याची सोय दुसऱ्या आवृत्तीत आली. मर्यादा अशी की आवाज सहसा फोनमधूनच जातो, म्हणजे फोनवाला माणूस भाजी आणायला निघाला की घरातलं गाणं थांबतं. आणि अँड्रॉइडवाल्यांना ही वाट जवळजवळ बंद. ॲपलचा स्वतःचा स्पीकर होमपॉड मिनी तर आयफोन किंवा आयपॅड नसेल तर सुरूच करता येत नाही.

दुसरी गूगल कास्ट. यात फोन फक्त ‘हे गाणं लाव’ एवढं सांगतो, पुढे स्पीकर स्वतः इंटरनेटवरून गाणं ओढतो. फोन बंद पडला तरी मैफल चालू राहते. इथेही वेगवेगळ्या कंपन्यांचे स्पीकर एका गटात येतात. पण ॲपमध्ये कास्टचं बटण असावं लागतं. यूट्यूब म्युझिकमधून स्पीकरवर जाता येतं, साध्या यूट्यूब ॲपमधून नुसत्या आवाजाच्या स्पीकरवर नाही. ज्यांची सगळी नाट्यगीतं यूट्यूबवर आहेत त्यांनी हे आधीच तपासावं.

तिसरी ॲमेझॉनची अलेक्सा. एको स्पीकर स्वस्त पडतात, गट करणं सोपं आहे. पण गटावर वाजतं ते अलेक्साला जोडलेल्या संगीतसेवांमधलं. फोनमधलं काहीबाही ब्लूटूथने पाठवलंत तर ते एकाच एकोवर राहतं.

चौथी वाट कंपन्यांच्या स्वतःच्या जोडण्यांची: सोनोस, यामाहाची म्युझिककास्ट, डेनॉनची हिऑस वगैरे. आवाज आणि ताळमेळ यांत ही मंडळी सहसा वरचढ, किमतीतही. त्यांच्या ॲपमधून गट करायचा तर त्यांचेच स्पीकर लागतात. म्हणून यातलं काही घेताना त्यात एअरप्ले २ किंवा गूगल कास्ट यांपैकी एक तरी आहे ना, ते नक्की बघा. सोनोसमध्ये एअरप्ले २ मिळतं, गूगल कास्ट मिळत नाही.

मला विचाराल तर सगळे आयफोनवाले असतील तर एअरप्ले २, मिश्र घर असेल तर एअरप्ले २ आणि कास्ट दोन्ही घेणारा स्पीकर, आणि बजेट अगदी आवळलेलं असेल तर एको.

५. जुनी सिस्टिम मोडीत काढण्याआधी

कपाटावर धूळ खात असलेला ॲम्प्लिफायर आणि लाकडी पेट्या आजच्या कित्येक वायरलेस डब्यांपेक्षा चांगल्या वाजतात. मागे ‘ऑक्स’ किंवा लाल-पांढऱ्या पिनांची जागा असेल तर तिथे एक छोटा स्ट्रीमर, म्हणजे वाय-फायवरून गाणं घेऊन ॲम्प्लिफायरला देणारा डबा, जोडला की जुनी सिस्टिमच वाय-फायवर येते आणि गटात सामील होते. विम कंपनीचे स्ट्रीमर याच कामाचे. एको डॉट हाही एक स्वस्त मार्ग होता. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत ३.५ मिमीची खाच होती, पाचव्या पिढीत ती काढून टाकली. हेडफोनच्या खाचेतून गाणं बाहेर काढायच्या बेतात असाल तर मॉडेल बघून घ्या.

पेनड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर जमवलेल्या मैफली असतील तर डीएलएनए, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून साठवलेली गाणी वाजवण्याची पद्धत, चालतं का ते विचारा. आणि ‘गॅपलेस’ वाजवतो का, तेही. एका रागाचे आलाप, विलंबित, द्रुत असे तीन तुकडे केलेले असतात. प्रत्येक तुकड्यामध्ये सेकंदभर शांतता पडली की तानपुरा तुटतो आणि सगळी मजा जाते.

६. कंपनीने पाठ फिरवली तर काय उरेल?

हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लाकडी पेटी तीस वर्षं वाजते. वाय-फाय स्पीकर मात्र कंपनीचा सर्व्हर आणि ॲप जिवंत असेपर्यंतच पूर्ण चालतो.

जुन्या स्पीकरला जोडायचं गूगलचं क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मध्ये आलं, २०१९ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, आणि २०२५ च्या मार्चमध्ये यंत्रातल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे घरोघरची यंत्रं काही दिवस मुकी झाली. २०२२ मध्ये सोनोसबरोबरच्या पेटंटच्या वादात निकाल विरुद्ध गेल्यावर गूगलने सगळ्या गटाचा आवाज एकदम कमी-जास्त करण्याची सोयच काढून घेतली. ती पुढे परत आली. सोनोसने २०२४ च्या मे महिन्यात नवं ॲप आणलं, त्यात आधीच्या कित्येक सोयी गायब होत्या, गिऱ्हाईकं इतकी चिडली की २०२५ च्या जानेवारीत मुख्याधिकाऱ्यांना पायउतार व्हावं लागलं. आणि बोसने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं की २०१३ मध्ये आणलेल्या साउंडटच स्पीकरांची क्लाउड सेवा २०२६ मध्ये बंद होणार.

उलटंही घडतं. लॉजिटेकने नेटवर्कवरून गाणी वाजवणाऱ्या यंत्रांची स्क्वीझबॉक्स ही मालिका २०१२ मध्ये बंद केली, पण तिचं सर्व्हर सॉफ्टवेअर खुलं होतं. हौशी लोक ते आजही सांभाळतात, आता लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने.

म्हणून घेताना तीन गोष्टी बघा: तारेची खाच आहे का, ब्लूटूथ आहे का, आणि कंपनीच्या ॲपशिवाय चालणारी एखादी सर्वमान्य पद्धत आहे का. साउंडटचवाल्यांच्या हाती क्लाउड गेल्यावर ऑक्स, ब्लूटूथ यांसारखंच काय ते उरतं. ते नसतं तर नुसता शोभेचा ठोकळा.

७. कानाने निवडा

दुकानात त्यांचं ठरलेलं, बेस आपटणारं गाणं ऐकून काही कळत नाही. आपलं गाणं घेऊन जा. तबल्यातल्या डग्ग्याचा घुमार ऐकू येतो की नुसता ‘टप’? तानपुऱ्याचा झंकार सलग आहे का? आवाज अर्ध्यावर ठेवून गायिकेचा वरचा स्वर कानाला टोचतो का? एवढ्यावर बरंच कळतं. छोट्या गोल स्पीकरमध्ये दीड-पावणेदोन इंचाचा पडदा असतो, त्याच्याकडून डग्ग्याची अपेक्षा धरू नये. बैठकीच्या खोलीसाठी एकाच मोठ्या स्पीकरपेक्षा एकाच मॉडेलचे दोन घेऊन त्यांची स्टिरिओ जोडी करणं मला अधिक पटतं. दोन वेगळी मॉडेलं गटात येतात, पण त्यांची डावी-उजवी जोडी सहसा बनत नाही.

अमेरिकेतून कोणी आणून देणार असेल तर अडॅप्टरवर किंवा स्पीकरच्या तळाशी ‘१००-२४० व्होल्ट’ छापलंय ना ते विचारून घ्या. फक्त १२० व्होल्टचा स्पीकर आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये घातला तर वॉरंटीचा प्रश्नच उरणार नाही. तशीही तिकडची वॉरंटी इथे चालेल याची खात्री नसते.

८. आधी दोनच घ्या

पाचचा संच ऑफरमध्ये असला तरी. ऑनलाइन घेताना ‘परत’ लिहिलंय की फक्त ‘बदलून मिळेल’, हे नीट वाचा. आवाज आवडला नाही म्हणून बदलून तोच स्पीकर घेण्यात काय अर्थ?

घरी आणल्यावर एक स्वयंपाकघरात, एक सगळ्यात लांबच्या खोलीत ठेवा, गट करा आणि तासभर वाजू द्या. मधेच मायक्रोवेव्ह लावा. मुलांना दोन फोनवर व्हिडिओ बघू द्या. मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा आणि स्पीकर आपोआप जागेवर येतात की पुन्हा पासवर्ड मागतात ते पाहा. गाणं लावून फोन घराबाहेर न्या. नंतर दोन्ही खोल्यांच्या मध्ये, दारात उभे राहून टाळ्यांचा ठेका असलेलं गाणं ऐका. ठेका दुहेरी ऐकू आला तर लगेच स्पीकरला दोष देऊ नका: आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १० मीटरवरून यायला त्याला जवळपास ३० मिलिसेकंद लागतात. लांबचा स्पीकर थोडा मागे ऐकू येणारच. पण दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी ठेवूनही ठेका दुहेरी येत असेल, तर मुदत संपायच्या आत परत करा.