रेडिओ मॉड्यूलमध्ये फर्मवेअर भरताना ड्रायव्हरच्या या चुका टाळा

सोलापुरातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी लोरा (कमी विजेत लांबवर माहिती पाठवणारे रेडिओ) मॉड्यूल घेतात, डाळिंबाच्या बागेतील मातीची ओल घरबसल्या पाहता यावी म्हणून काही हौशी शेतकरीही ते वापरून पाहतात, आणि रिमोटवरची विमाने उडवणाऱ्यांकडे रिमोटचा संदेश विमानापर्यंत नेणारे एक्सप्रेसएलआरएसचे किंवा मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल असते. फर्मवेअर, म्हणजे मॉड्यूल चालवणारे सॉफ्टवेअर, त्यात भरताना या सर्वांचे काम बहुधा एकाच जागी अडते: मॉड्यूल संगणकाला जोडले, दिवा लागला, पण कॉम पोर्ट, म्हणजे संगणकाने मॉड्यूलशी बोलण्याचा मार्ग, काही दिसत नाही. अशा वेळी मॉड्यूलच खराब निघाले असे ठरवून ते परत पाठवण्याची घाई करू नये, कारण दोष बऱ्याचदा केबलमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये (संगणकाला उपकरण ओळखायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) असतो.

केबलची तपासणी आधी करावी. मोबाइलबरोबर आलेल्या किंवा नवी पेठेतून स्वस्तात घेतलेल्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांत डेटाच्या तारा नसतात. त्याच केबलने मोबाइलमधील फोटो संगणकावर उघडले, तर केबल ठीक आहे असे समजावे.

यापुढची चूक मात्र फार खोलवर रुजलेली आहे. मॉड्यूलच्या नावाने ड्रायव्हर शोधला जातो, पण ड्रायव्हर मॉड्यूलचा नसून त्यावरील यूएसबी चिपचा असतो. एकाच नावाच्या बोर्डावर वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या चिप बसवल्या जातात. टी-बीम या लोरा बोर्डाच्या जुन्या आवृत्त्यांवर सिलिकॉन लॅब्सची चिप होती, तर नंतरच्या आवृत्त्यांवर सीएच९१०२ ही चिप आली. म्हणून डिव्हाइस मॅनेजर उघडावे, पिवळ्या खुणेच्या ओळीवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स आणि तेथील यादीतून हार्डवेअर आयडीज निवडावे. व्हीआयडीपुढे (निर्मात्याच्या क्रमांकापुढे) १०सी४ असेल तर चिप सिलिकॉन लॅब्सची, १ए८६ असेल तर सीएच३४०च्या कुळातील आणि ०४०३ असेल तर एफटीडीआयची. चिप कळली की तिच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच ड्रायव्हर घ्यावा. सगळे ड्रायव्हर एका दमात टाकून देणारी फुकट सॉफ्टवेअरे मी कोणालाही सुचवणार नाही. त्यांनी नेमके काय बदलले, हे नंतर शोधता येत नाही.

योग्य ड्रायव्हर टाकूनही पिवळी खूण राहिली, तर चिप नकली किंवा फार जुनी असण्याची शक्यता लक्षात घ्यावी. प्रोलिफिक या यूएसबी चिप बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर जुन्या पीएल२३०३ चिपना स्वीकारत नाही. २०१४ साली एफटीडीआयच्या एका विंडोज ड्रायव्हरने नकली चिपचा ओळखक्रमांकच शून्य केला होता आणि त्यामुळे अनेकांचे यूएसबी-सिरियल ॲडॅप्टर (मॉड्यूल यूएसबीला जोडणारे) एकाएकी बंद पडले होते. जुना ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा दुसरा ॲडॅप्टर घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

एसटीएम३२ ही मुख्य चिप असलेली मॉड्यूल डीएफयू मोडमध्ये (यूएसबीवरून थेट फर्मवेअर घेण्याच्या स्थितीत) गेली की कॉम पोर्ट दिसत नाही, आणि तो दिसायचाही नसतो. येथे विंडोजवर झॅडिग हे ड्रायव्हर बदलणारे सॉफ्टवेअर वापरून विनयूएसबी ड्रायव्हर बसवावा लागू शकतो, आणि सर्वांत जास्त नुकसान याच टप्प्यावर होते. झॅडिगमध्ये ‘लिस्ट ऑल डिव्हायसेस’ निवडल्यावर कीबोर्ड, माउस, वेबकॅम असे सगळेच यादीत येते. घाईत भलतीच ओळ निवडून बटण दाबले, तर त्या उपकरणाचा ड्रायव्हर बदलतो आणि ते काम करेनासे होते. म्हणून बटण दाबण्यापूर्वी यूएसबी आयडीच्या चौकटीत ०४८३ आणि डीएफ११ हे दोन्ही आकडे आहेत, हे वाचून पाहावे. चूक झालीच, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ते उपकरण अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर काढून टाकण्याच्या पर्यायावर खूण करावी आणि उपकरण पुन्हा जोडावे. विंडोज बहुधा मूळ ड्रायव्हर परत बसवते.

पोर्ट दिसत असूनही फ्लॅशिंग (फर्मवेअर भरणे) सुरू होत नसेल, तर ड्रायव्हरला हात लावू नये. त्याचे काम झालेले आहे. सिरियल मॉनिटर (पोर्टवरचे संदेश दाखवणारी खिडकी) दुसरीकडे उघडा राहिला असेल तर तो बंद करावा. ईएसपी३२ ही मुख्य चिप असलेल्या बोर्डावर जोडणी सुरू होताना बूटचे बटण दाबून धरावे. ईएसपी८२६६मध्ये वीज देताना जीपीआयओ शून्य ही पिन ग्राउंडला जोडलेली असावी लागते.

लिनक्सवर या चिपचे ड्रायव्हर बहुधा आधीच असतात, मात्र वापरकर्ता डायलआउट गटात (पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या गटात) असावा लागतो. उबुंटू २२.०४मध्ये सीएच३४०चे पोर्ट येऊन लगेच नाहीसे होत असेल, तर ब्रेल उपकरणांसाठीची बीआरएलटीटीवाय ही सेवा ते बळकावत असते. ब्रेल उपकरण वापरत नसल्यास ती काढून टाकावी.

उन्हाळ्यात फ्लॅशिंगच्या मध्येच वीज गेली आणि डेस्कटॉप बंद पडला, तरी घाबरू नये. ईएसपी आणि एसटीएम३२ या दोन्हींचा मूळ बूटलोडर (फर्मवेअर स्वीकारणारा छोटा प्रोग्राम) चिपच्या रॉममध्ये, म्हणजे कायमच्या स्मृतीत, असतो व तो पुसला जात नाही. ड्रायव्हर पुन्हा टाकण्याची गरज नसते. मॉड्यूल बूट मोडमध्ये नेऊन तीच फाइल पहिल्यापासून भरावी.